निंबाला बांधलेलं गाठोडं

मोताळ्याहून रोहिणखेडला येणाऱ्या जीपमध्ये आमची अश्विनी मांडीवर मांजरपाटाची पिशवी घेऊन बसली होती. खड्डा आला की पिशवीतून खडखड व्हायचं. शेजारच्या बाईनं विचारलंच, “भांडे हायेत काय वं पोरी?”

“हाव मावशी, भांडेच.”

“मंग इतकी आवळून कायले धरून राह्यली? भांड्यायले काय पाय हायेत पळाले?”

जीपमधली माणसं हसली. पिशवीत माणसाची हाडं होती.

अश्विनी माझी पुतणी, माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, कडूबाभाऊ यांची मुलगी. आयुर्वेदाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. शरीररचना नावाचा विषय असतो, त्यात माणसाचं एकेक हाड हातात घेऊन ओळखायचं, त्यावरची प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा नाव घेऊन दाखवायचा. अश्विनीला नावं सगळी पाठ. पण सहामाहीच्या तोंडी परीक्षेत सरांनी तिच्यापुढे कवटी ठेवली आणि तिचे हात मांडीवरून उठेचनात. सरांनी थोडी वाट पाहिली, मग दुसऱ्या मुलीला बोलावलं. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. या वेळीही कवटीपुढे गप्प राहिले तर परत कॉलेजला जायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं तेही चुलीकडे तोंड करून.

तिच्या वरच्या वर्गातली धम्मशीला नावाची मुलगी आहे, तिनं आपला हाडांचा संच हिला वापरायला दिला होता. म्हणाली होती, “घरी ने. रोज हातात घे. भीती हातातूनच जाते.”

त्या बिचारीला काय ठाऊक, ही भीती कुठून आलेली.

अश्विनीची आई, माझी जाऊ वंदना, गेली तेव्हा अश्विनी तिसरीत होती. आमच्याकडे सावडलेल्या अस्थी घरात आणत नाहीत. फडक्यात बांधून झाडाला टांगतात आणि तिथूनच नदीवर नेतात. कडूबाभाऊंना वंदनाला नाशिकला न्यायचं होतं, पण तेव्हा ते स्वतःच तापानं फणफणले आणि गाठोडं खळ्यातल्या निंबाला बरेच दिवस राहिलं. वाऱ्यानं हलायचं. अश्विनी मागच्या दारातून ते पाहत बसायची. एकदा माझा पदर ओढून तिनं विचारलं, “काकू, आई इतकुशा गाठोड्यात मावली कशी?”

मी तिला पोटाशी धरलं. त्यानंतर ती मागच्या दाराला कधी एकटी गेली नाही.

आणि आता तीच पोर पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई गोजरबाई, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी आवाजावरूनच ओळखलं.

“काय आणलं वं?”

“अभ्यासाचं हाये, आजी.”

“अभ्यास खडखड वाजते काय?”

अश्विनीला खोटं रेटता येत नाही. तिनं सांगून टाकलं. आत्याबाईंच्या हातातून सूप सुटलं, दाणे अंगणभर झाले.

“आवं, सून पोटुशी हाये, पह्यलं लेकरू गेलं तिचं, अन् तू मसण उचलून घरी आणलं?”

सून म्हणजे प्रेरणा, अश्विनीच्या भावाची, हर्षलची बायको. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा सातवाच लागलेला. घरात कोणी महिन्याचं नाव घेत नव्हतं. प्रेरणा उंबऱ्याच्या आत होती, तिनं नकळत पोटावर पदर ओढून घेतला. ते अश्विनीनंही पाहिलं, मीही पाहिलं.

“घरात नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “माणसाची हाडं हायेत ना? मंग माणसाच्या हाडाची जी जागा, तिथंच ठेव. निंबाले बांध.”

अश्विनी पांढरीफटक पडली. कडूबाभाऊंनी मुकाट्यानं पिशवी घेतली आणि खळ्यात जाऊन त्याच निंबाच्या त्याच फांदीला बांधली. फांदी आता जाड झाली होती, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवसापासून आमचा अभ्यास सुरू झाला. आमचा म्हणायचं, कारण ती एकटी खळ्यात पाय टाकेना. मी निवडायला डाळ घेऊन बसायची, ती पिशवी सोडायची आणि पोत्यावर हाडं मांडायची. पुस्तक माझ्या मांडीवर. मी बीए झालेली, पण ते शब्द माझ्याही जिभेला नवे. मांडीच्या हाडाला पुस्तकात ऊर्वस्थी, कॉलेजातल्या सरांच्या तोंडी फिमर. आत्याबाई लांबून पाहायच्या आणि ओरडायच्या, “ते मांडीचं हाडूक हाये, त्यात इतकं घोकाचं काय?” खांद्यामागच्या पसरट हाडाला अंसफलक. त्यालाच आम्ही फरा म्हणतो. गळ्याखालच्या वाकड्या हाडाला अक्षक. अश्विनी आधी हाड ओढणीच्या टोकानं धरायची, मग दोन बोटांनी, मग चांगलं मुठीत घ्यायला लागली. बरगड्या तर तिनं एकीला एक लावून फण्यासारख्या मांडल्या आणि स्वतःच हसली.

पण पिशवीच्या तळाशी एक वेगळं गाठोडं होतं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. कवटी त्यात होती. त्या गाठीला तिनं हात लावला नाही. “उद्या,” म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “उद्या, काकू.” उन्हं उतरायला लागली की तिचे डोळे त्या गाठीवरून निंबाकडे आणि निंबावरून घराकडे जायचे.

एक दिवस दुपारी घरातून आत्याबाईंची हाक आली. नुसती हाक नव्हती ती. आम्ही धावलो. प्रेरणा न्हाणीच्या भिंतीला धरून वाकली होती, ओठ दाताखाली. पोटात कळ येत होती, जात होती, पुन्हा येत होती. मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. हर्षलला मोबाईलवर नंबर लावता येईना. शेजारच्या युसूफभाईंनी आपली गाडी दारात लावली, त्यांच्या फातिमाभाभींनी प्रेरणाचं डोकं मांडीवर घेतलं. “घाबरू नको बेटा, मैं हूँ ना,” म्हणत होत्या आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी. प्रेरणाची आई धाड गावाहून परस्पर बुलढाण्याच्या दवाखान्यात येणार होती. मीही चढणार, तेवढ्यात आत्याबाईंना दरदरून घाम फुटला आणि त्या ओट्यावर बसल्या. मी राहिले. गाडी गेली.

धूळ बसायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, “कडूबा. ते गाठोडं आधी नदीत सोडून ये. परक्या मुडद्याले दारात टांगून ठेवलं, तो पाणी मागून राह्यला.”

कडूबाभाऊंनी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता बोलेल. परीक्षा, धम्मशीलाचा संच, काही तरी. पण देव्हाऱ्यापुढचा नारळ तिनंच उचलून बापाच्या हातात दिला.

ते खळ्याकडे गेले. अश्विनी चुलीपाशी बसली. विझलेल्या राखेकडे पाहत म्हणाली, “काकू, मीच आणलं ना हे घरात?”

“वेडी हायेस काय.”

“वहिनीचं बाळ गेलं तर?”

माझ्याही अंगावर काटा होता, खोटं कशाला सांगू? शिकलं म्हणून काटा यायचा थांबत नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात आली, ती मी बोलले. “पह्यलं गेलं तेव्हा निंबावर काय होतं वं?”

तिनं मान वर केली. “काहीच नव्हतं.”

“मंग?”

ती उठली, चप्पल न घालता मागच्या दारानं निघाली. त्याच दारानं. आत्याबाईंचा घाम सुकला होता; मीही मागोमाग निघाले.

नदीला पाणी कमी होतं, कडेला शेवाळ आलेलं. कडूबाभाऊ घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. नारळ फोडलेला, झेंडूची दोन फुलं पाण्यावर एकाच जागी फिरत होती. गाठोडं मात्र अजून त्यांच्या हातातच. आम्हांला पाहून ते ओशाळल्यासारखे झाले.

“सोडाले आलो,” म्हणाले, “पण नाव काय घेऊ? अस्थी सोडताना मेलेल्याचं नाव घेतल्याबिगर कसं सोडू? बाई हाये का माणूस, तेही मले माहीत नाही.” मग लेकीला विचारलं, “तुले माहीत हाये का वं नाव?”

“नाही बाबा.” अश्विनी पाण्यात शिरली. “माणसाचं नाव माहीत नाही. हाडायचे येतात.”

तिनं हात पुढे केले. बापानं गाठोडं दिलं नाही. “पोरी, तिकडं प्रेरणा...”

“मले बी भेव वाटून राह्यला, बाबा. लय वाटून राह्यला. तुमी धरा, मी सोडतो गाठ.”

कडूबाभाऊंनी दोन्ही तळव्यांवर पिशवी धरली आणि अश्विनीनं तळातलं लुगड्याचं गाठोडं काढलं. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तिनं दातांनी सोडली. कवटी बाहेर आली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. पण तिनं ती छातीशी टेकवली, डोळे उघडले आणि बोट ठेवलं.

“ललाटास्थी,” ती म्हणाली. “हे कपाळ, बाबा. हे गंडास्थी, गालाचं. शंखास्थी, कानाच्या वरचं. पश्चिमकपाल, उशीवर टेकते ते. हे दोन्हीकडचे पार्श्वकपाल.” थांबत, अडखळत, एकेक. कडूबाभाऊ प्रत्येक नावाला मान खाली घालत होते, जसं पूजेत भटजींच्या मागून माणूस घालतो. हाडं जिथं सांधली होती तिथं नागमोडी रेघा होत्या, वाकळेला टाके घालावेत तशा.

बोट कवटीच्या माथ्यावर आलं आणि अश्विनी थबकली. “अन् इथं टाळू असते. लेकराची उघडी असते. मंग हळूहळू भरून येते. याची भरली हाये.”

कडूबाभाऊंनी ते पाहिलं. आपलं खडबडीत बोट त्यांनी लेकीच्या बोटाशेजारी ठेवलं.

“तुही टाळू तुही मायच भरे,” ते म्हणाले. “एरंडीच्या तेलानं. कोणाले हात लावू दे नाही. मले बी नाही.”

आईबद्दल त्यांनी तिला इतकं सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. नंतर त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि कवटीवर सोडलं. “ज्याचं कोणाचं असन, त्याले पोचो,” म्हणाले आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधायला लागले. अश्विनीच्या ओढणीनं मी कवटी पुसली.

फोन आला नव्हता. आम्ही परत निघालो, कडूबाभाऊ पुढे, पिशवी त्यांच्या खांद्यावर. चालताना हाडं वाजत होती. खळ्याशी पोचलो तेव्हा हर्षलचा फोन आला. कडूबाभाऊंनी तो उचलायला अश्विनीच्या हातात दिला. ती ऐकत होती आणि आम्ही तिचा चेहरा ऐकत होतो.

“ठोके बरोबर हायेत बाळाचे,” ती म्हणाली आणि निंबाच्या बुडाशी बसली. “कळा खऱ्या नव्हत्या. दवाखान्यात ठेवून घेणार हायेत, अजून काही सांगत नाहीत पण.”

आत्याबाईंनी पिशवी परत आलेली पाहिली. त्या कडूबाभाऊंवर तडकल्या, “एक काम सांगतलं, ते बी उलटं करून आला काय बे?” कडूबाभाऊ म्हणाले, “नाव घेऊन पाणी देऊन आणलं, माय.” कोणाचं नाव, ते आत्याबाईंनी विचारलं नाही. पिशवी पुन्हा फांदीला गेली. पण त्या संध्याकाळी आत्याबाईंनी पिशवीच्या तोंडाला हळदीचं बोट लावलं, फांदीखाली एक दिवा ठेवला आणि वारा लागू नये म्हणून आडोशाला वीट लावली.

परीक्षेत कवटीच आली. अश्विनीनं ती उचलली तेव्हा सरांनी विचारलं, “हात का थरथरतोय?”

“भीती वाटते, सर,” ती म्हणाली. “पण सांगते.” आणि सांगितलं.

पास झाली. धम्मशीलानं पिशवी परत घेताना विचारलं, पिशवीच्या तोंडाला हळदीचा डाग कसा पडला. अश्विनीनं सांगितलं, “आमच्याकडचा हाये.”

प्रेरणाला पूर्ण दिवसांची मुलगी झाली. अश्विनी सुट्टीत आली तेव्हा आत्याबाई पाय पसरून बाळाला न्हाऊ घालत होत्या. वाटीत एरंडीचं तेल. त्यांनी हाक मारली, “ये वं डॉक्टरीनबाई, तूच भर टाळू. इतके नाव पाठ हायेत तुले.”

अश्विनी गुडघ्यांवर बसली, बोट तेलात बुडवलं आणि बाळाच्या माथ्यावर ठेवलं. बोटाखाली ती मऊ जागा वर येत होती, खाली जात होती. तिनं झटकन हात मागे घेतला. चेहरा पुन्हा पांढराफटक.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “हिची तर अजून उघडीच हाये.”

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरला आणि आपल्या हाताखाली ठेवून पुन्हा त्या जागेवर नेला.