ठिगळाची ताडपत्री

सेनगावहून गोरेगावकडे येणाऱ्या जीपमध्ये उकंडराव दाटीवाटीनं बसला होता आणि आभाळ काळंभोर होत चाललं होतं. त्याचं चार एकरांचं सोयाबीन कापून, वावरात गंजी लावून पडलेलं. मळणीयंत्र उद्याच येणार म्हणून ताडपत्री घालायचा त्यानं कंटाळा केलेला. घरी बायको मंजुळाबाई, पाय मोडून बाजेवर. जीप अर्ध्या रस्त्यात असतानाच पाऊस कोसळला. वर्षाचं पीक गेलं, असं धरूनच तो उतरला.

आपल्याला ही शिक्षाच मिळाली, असंही त्याच्या मनानं घेतलं. कारण गेल्या साली शेजारच्या जिवनबाईची गंजी त्यानंच पेटवली होती.

जिवनबाई साठीची विधवा, गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. बाई चणीनं एवढीशी, पण हक्काचं सोडणारी नव्हे. उकंडराव दर नांगरटीला तिच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, नांगराचं एकेक तास आपल्या वावरात ओढायचा. तिनं सरकारी मोजणी आणली आणि अख्ख्या गावासमोर हद्दीचा दगड रोवून घेतला. गडी भडकला. एका संध्याकाळी ती गावात गेलेली पाहून त्यानं तिच्या गंजीला काडी लावली. आणि कहर म्हणजे, दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला शेजारी म्हणून पंच कोण? हाच! आपणच लावलेल्या आगीच्या कागदावर त्यानं झोकात सही ठोकली. जमादारानं विचारलं, "बाई, संशय कोणावर?"

तिनं उकंडरावाकडे एकदा पाहिलं. "म्या कोणाचं नाव सांगणार न्हाई," म्हणाली.

तेव्हापासून याच्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी जिवनबाई धुऱ्यावर यायची आणि याच्या वावराकडे तोंड करून, डोळे मिटून पुटपुटायची. बाई शाप देते, असंच यानं धरलं. बाभळीला लिंबू-मिरची बांधली, बिब्बा बांधला. तिचं पुटपुटणं काही थांबलं नाही.

आता चिखल तुडवत तो वावरात आला आणि जागीच थबकला. गंजी झाकलेली होती. दोर ताणून बांधलेले, कडेनं दगड ठेवलेले. पाणी ताडपत्रीवरून घसरून बाजूला वाहत होतं. तो जवळ गेला. ताडपत्रीचा एक कोपरा जळालेला, त्याला खताच्या पोत्याचं ठिगळ टाचलेलं. तो त्यानं ओळखला. 'एक ताडपत्री, अर्धवट जळालेली' असं पंचनाम्यात लिहिलं होतं आणि त्याखाली त्याची सही होती.

धुऱ्यापलीकडे जिवनबाईची स्वतःची गंजी होती. तिच्यावर दोन जुनी लुगडी आणि पोती टाकलेली; निम्मी भिजतच होती. बाई चिंब होऊन खुरप्यानं भोवती चर काढत होती.

"जिवनबाई," तो म्हणाला. "तुमचं उघडं टाकून माहं काहून झाकलं?"

"ताडपत्री एकच हाय, भाऊ. तुमचा ढीग मोठा. माहं थोडकं, निभंल."

"गेल्या सालची तुमची गंजी..."

"ठाऊक हाय. म्या पळत आले तवा तुमचा कुत्रा माह्या धुऱ्यावर बसून होता. तुमच्याबिगर तो कुठंच जात न्हाई."

"मंग जमादारापुढं नाव काहून न्हाई घेतलं?"

"देवापुढं रोज घेऊन राहिले की." तिचं खुरपं थांबलं नाही. "पयले लई राग आला. वाटलं, याचंबी जळू दे. मंग आठवलं, प्रभू येशूनं खिळे ठोकणाऱ्यांसाठीच माफी मागितली होती. मला जमंना. तुमचं नाव घेताना दातओठ खायची म्या. तरी मागत राहिले, याचं बरं कर, याच्या घरात सुख दे. आता न्हाई खात दातओठ."

उकंडराव पावसात उभाच राहिला. ज्याला शाप समजून वर्षभर लिंबं बांधली, ते त्याच्याचसाठी मागणं होतं! एवढ्याशा बाईच्या काळजात हे मावलं तरी कसं, त्याला कळेना. त्याची मान आपोआप लवली. त्यानं तिच्या हातातलं खुरपं घेतलं आणि चर काढायला बसला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मळणीयंत्र आलं, गावची माणसं जमली. उकंडरावानं डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "जिवनबाईची गंजी म्या जाळली होती."

जिवनबाई पुढं झाली, दोर सोडले आणि ताडपत्री खाली ओढली.

"एकटीनं घडी व्हत न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "तिकडून धरा."

त्यानं धरली. त्याच्या हातात जळका कोपरा आला.