आंटींची बर्फाची चौकशी

"बरफ का मत बता. गाडी को चेन लगाया क्या, वो बोल."

आंटी फोनवर जॉर्जियातल्या ड्रायव्हरशी बोलत होत्या. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ट्रॅव्हल कंपनीत जॉर्जियाच्या बर्फाळ सहली त्या बघायच्या. मूळच्या वसईच्या. मी नवीन, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत काम शिकत बसलेली.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "रिसॉर्टवाले बर्फ मोजतात डोंगराच्या टोकावर. आपली माणसं उतरतात पायथ्याला. ड्रायव्हरने चाकांना साखळ्या लावल्या, म्हणजे खाली बर्फ आहे."

मीही मग रिसॉर्टचे रोजचे बर्फाचे रिपोर्ट वाचू लागले. तुम्हीही कधी वाचून बघा. शुक्रवार आला की आकडा हमखास फुगतो. आंटी म्हणायच्या, "बर्फालापण वीकेंड कळतो, बाय."

एकदा ड्रायव्हर म्हणाला, चेन लगाया. आंटींनी एक कुटुंब बिनधास्त पाठवलं. तिकडून फोटो आले ते चिखलाचे. चौकशी केली तेव्हा कळलं की साखळ्या लावल्या की त्याला जादा भाडं मिळतं.

ऑफिसात सगळे हसले. आंटी नाही हसल्या. दुपारभर विचार करून म्हणाल्या, "त्याला काय मिळतं, ते मी विचारलंच नाही."

तेव्हापासून कुणी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच. मॅनेजरने चिडवलं, "आंटी, कमिशन तर तुम्हालापण मिळतं."

"मग माझ्यावर पण नको ठेवू विश्वास," आंटी म्हणाल्या आणि डब्यातला केक त्याच्यापुढे सरकवला.

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन वसईला गेल्या. त्यांचं काम माझ्याकडे आलं. फोनवर असं स्पष्ट बोलणं मला जमायचं, समोरासमोर मात्र मी मान हलवूनच भागवायचे.

या हिवाळ्यात इथल्याच अल मनखूल भागात राहणारे एक काका आईला घेऊन आले. आजी आठवड्याभराने सांगलीला परत जाणार होत्या. पुन्हा इतका लांबचा प्रवास झेपणार नाही, असं काका म्हणाले. गुडघ्यांमुळे रोपवेने वर जाणं शक्य नव्हतं. हॉटेलच्या दारात उभं राहून बर्फ हातात घ्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

रिपोर्टमध्ये बर्फ भरपूर होता. हॉटेलवाला म्हणाला, "व्हेरी गुड स्नो, मॅडम." मी रिसॉर्टचे कॅमेरे उघडले. शिखर पांढरंशुभ्र. हॉटेलच्या बाजूची चौकट काळी, खाली लिहिलेलं, दुरुस्ती सुरू.

"यल्ला, चल लवकर, कन्फर्म कर," मागून मॅनेजर म्हणाला. काकांनी कार्ड बाहेर काढलं.

आजी माझ्याकडे बघत होत्या. "पोरी, असेल ना गं बर्फ?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"आजी, डोंगरावरचा कॅमेरा चालू आहे. तुम्ही जिथे उभ्या राहणार, तिथला रिसॉर्टवाल्यांनी बंद ठेवलाय."