बाबांचं नाव परत आलं

देवाचं काम करतानाही माणसाला इतका वैताग येऊ शकतो, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी मॉर्मन आहे. पुण्यात हे वाक्य उच्चारलं की समोरचा "म्हणजे नक्की काय?" असं विचारतो आणि उत्तर ऐकण्याआधीच घड्याळ बघतो. माझे यजमान गेल्यानंतर घर खायला उठायचं, त्या दिवसांत अमेरिकेत निघालेल्या या ख्रिस्ती पंथात मला आधार सापडला. मी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून दर रविवारी वाघोलीजवळच्या आमच्या छोट्या सभागृहात जाते. श्रद्धेची परीक्षा म्हणतात ती माझी दर आठवड्याला नगर रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्येच होते.

माझा थोरला भाऊ नारायण पेठेत राहतो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला त्यानं. मी धर्म बदलल्यावर तो चिडला नाही, त्यानं वाचन सुरू केलं. ते जास्त वाईट होतं. "अगं, तुमचा पंथ निघाला त्या काळी अमेरिकेत गावोगावी तंबू ठोकून प्रवचनं चालायची," तो मला ऐकवायचा. "प्रत्येक पंथ दुसऱ्याला खोटा ठरवायचा. लोक जादूचे खडे घेऊन पुरलेला खजिना शोधायचे, आणि छापखाना हाताशी आलेला. अशा ठिकाणी नवा धर्म निघाला नसता तरच नवल." सगळ्यात संतापजनक भाग हा, की यातलं खोटं काहीच नव्हतं. आमच्या संस्थापकानं स्वतः तसे खडे वापरले होते, हे मलाही माहीत होतं. पण दादाच्या तोंडून ऐकलं की मनात कुठेतरी चरा उमटायचा. माझी श्रद्धा म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या इतिहासाचा उरलासुरला भाग आहे की काय, असं वाटायचं.

आता मूळ भानगड. आमच्या पंथाला नवी यंत्रं फार प्रिय. आधी छापखाना, मग डोंगराच्या पोटात जपलेल्या, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या फिल्म आणि आता फोन. या सगळ्याचा खटाटोप पूर्वजांसाठी. आपली वंशावळ फोनवरच्या झाडात भरायची, मग परदेशातल्या आमच्या एखाद्या मंदिरात एक जिवंत माणूस त्या मृताच्या नावानं पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो. तो स्वीकारायचा की नाही, ते त्या आत्म्यानं ठरवायचं. मला एवढ्यात यातलं काही करायचं नव्हतं. मी नुसतं झाड भरत होते आणि सनावळ्या तपासायला दादालाच बसवलं होतं. नावं ठेवत का होईना, तो ते मन लावून करायचा. त्यामुळे झाड त्याच्याही फोनवर होतं.

एका रविवारी बाबांचं जन्मवर्ष दुरुस्त होईना म्हणून मी फोन आमच्या शाखेतल्या एका बंधूंच्या हातात दिला. भला माणूस, पण उत्साह असा की समोर बटण दिसलं की दाबलंच पाहिजे. वर्ष दुरुस्त झालं आणि त्याच झटक्यात बाबांचं नाव मंदिराकडे रवाना झालं. "सिस्टर, तेही करून टाकलं!" ते हसून म्हणाले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "बाबांनी जन्मभर संध्या केली. मेल्यावर त्यांना कुठल्या परक्या देशात बुडवून आणणार आहेस? ते नाव निघेपर्यंत इकडे यायचं नाही. ऑपरेशनलाही नाही." दादाची बायपास पुढच्या सोमवारी ठरली होती. त्याच्या मागेपुढे माझ्याशिवाय कुणी नाही.

तो आठवडा मी फोनशी भांडण्यात घालवला. पासवर्ड चुकीचा, ओटीपी येईना, चाक नुसतं गरगर फिरतंय. शेवटी आत शिरले तर उत्तर मिळालं, नाव परदेशातल्या कुणीतरी बाप्तिस्म्यासाठी घेतलंय. बंधू म्हणाले, "काळजी नको, सिस्टीम बघून घेईल." मी म्हटलं, "मग दादाला समजवायला सिस्टीमलाच पाठवा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमचा उपवासाचा रविवार होता. या उपवासाला साबुदाणा नसतो, पाणीसुद्धा नसतं. लोक एकेक करून उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देत होते, मी बसून राहिले. माझी प्रार्थना काही गोड नव्हती. देवा, ते नाव तेवढं सोडव, जमत नसेल तर तसं सांग, मला दादाजवळ जायचंय. एवढीच. मग मलाच एक गोष्ट आठवली. आमच्या संस्थापकाचा थोरला भाऊ तरुणपणी गेला होता. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून तो नरकात गेला असं पाद्र्यानं अंत्यविधीतच सुचवलं म्हणतात. मृतांच्या बाप्तिस्म्याची कल्पना त्या घरात पुढे का आली असेल, ते मला त्या दिवशी कळलं. दादाचा सगळा इतिहास खरा होता, पण त्या इतिहासात एक रडणारा भाऊही होता.

सभागृहाबाहेर पडले आणि फोनवरच्या त्या झाडातूनच निरोप आला. फिलिपाईन्समधल्या एका अनोळखी बाईंचा. "तुमच्या वडिलांच्या नावाचं कार्ड माझ्याकडे आहे," त्यांनी लिहिलं होतं. "मंदिराच्या दारापर्यंत गेले आणि वाटलं, घरच्यांना एकदा विचारावं. का वाटलं, माहीत नाही." मी रस्त्यातच उभी राहून उत्तर दिलं की नको, कृपा करून नको. त्यांनी लगेच नाव सोडलं. मी भर उन्हात रडले. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सकाळी इस्पितळात गेले. दादानं चष्मा मागून तो निरोप दोनदा वाचला. "या बाईला विचारावंसं वाटलं," तो म्हणाला. "घरात कुणाला सुचलं नाही." मी त्याचा हात धरला. त्यानं तो काढून घेतला नाही.

थोड्या वेळानं छताकडे बघत तो म्हणाला, "तुझ्या झाडात एक नाव राहिलंय. तुझ्या आधी एक होती. सुमन. रांगायला लागली होती, तापानं गेली. आईसमोर तिचं नाव काढायची सोय नव्हती." मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं. "लिहिलीस तर तिलाही बुडवणार का गं?"

"नाही दादा. आमच्यात लहान लेकरांना त्याची गरजच नसते. ती देवाजवळच असतात."

एरवी यावर त्यानं इतिहासाचा तास घेतला असता. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "मग लिही." एकेक सन दोनदा तपासणाऱ्या माझ्या भावानं तिचं वर्ष न अडखळता सांगितलं.

दादा सुखरूप घरी आला आणि पुन्हा मला टोमणे मारतोय, त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे. त्या बाईंना मी सगळं कळवलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीसाठी मी काय करू?" मी लिहिलं, "काही नाही. तिचं सगळं आधीच झालंय."