शेपू की पेरू

बायकोने बाजारातून शेपू आणायला सांगितला आणि मी किलोभर पेरू घेऊन आलो. पहिल्या वेळी ती हसली. दुसऱ्या वेळी तिने पेरूची कोशिंबीर केली. तिसऱ्या वेळी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेपू आवडत नाही, तर सरळ सांगा ना तसं."

शेपू मला खरंच आवडत नाही. म्हणून मी चोरी पकडली गेल्याचा झकास अभिनय केला. बहिरा ठरण्यापेक्षा लबाड ठरणं बरं. वीस वर्षं मी पथकात ढोल वाजवतोय, तेही ताशाला खेटून. कान गेल्याचं कळलं असतं तर माझा ढोल कायमचा माळ्यावर गेला असता.

पण एकदा ती सराव बघायला आली, नेमका तेव्हाच ताशाने ठेका बदलला. सगळे बदलले. मी एकटा जुन्याच ठेक्यावर मैदान गाजवत राहिलो. दुसऱ्याच दिवशी तिने मला कानाच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची. हेडफोनमधून बारीक शिट्ट्या येतील, ऐकू आली की बटण दाबा, म्हणाली. मी आपला अंदाजाने, तालात, दाबत सुटलो.

"काका," ती म्हणाली, "मी अजून सुरूच केलेलं नाही."

मग तिने नीट समजावलं. कानाच्या आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात. रोजच्या दणदणाटाने त्या मरतात, मेंदूकडे जाणारी नसही झिजते. स, श असे बारीक आवाज आधी जातात आणि उरलेल्या तुकड्यांवरून मेंदू शब्द जुळवतो. माझ्या मेंदूने पेरू जुळवले होते.

मी विचारलं, मेथी खुडली की पुन्हा फुटते, तसं काही? ती म्हणाली, कोंबडीच्या कानात फुटतात, माणसाच्या नाही. संशोधन चालू आहे. तोवर आहे ते सांभाळायचं. वाजवताना कानात बोळे हवेतच, आणि ताशापासून लांब.

"पुढच्या जन्मी कोंबडी व्हा," बायको म्हणाली. "या जन्मी बोळे घाला."

ढोल माळ्यावर टाकायचं कुणीच बोललं नाही. रिक्षात मी बायकोपाशी सगळं कबूल केलं. तिचे वडील मालेगावात यंत्रमागावर होते. त्या खडखडाटात माणसं नुसत्या ओठांनी बोलत, आणि ती सवय वडील घरीही घेऊन येत.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "पेरू म्हणताना ओठ आधी मिटतात. शेपू म्हणताना मधे." आणि आवाज न काढता तिने दोन्ही शब्द म्हणून दाखवले. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. पन्नाशीतलं जोडपं, एकमेकांकडे बघून ओठ हलवतंय. त्याचा गैरसमज मी दूर केला नाही.

पुढच्या रविवारी सराव. कानात बोळे, ताशा चार ढोल पलीकडे. ठेका बदलायची खूण आता मी ताशेवाल्याच्या मनगटावर बघत होतो, आणि चुकलो नाही. सराव संपता संपता मैदानाच्या कडेला बायको उभी दिसली, हातात रिकामी पिशवी. तिने मला बघितलं आणि ओठ हलवले. आधी उघडे, मग मिटलेले.

नाही कळलं म्हणायची फार इच्छा झाली. पण येताना दोन जुड्या शेपू घेऊन आलो. जेवताना भाजी दोनदा वाढून घेतली आणि छान झालीय म्हणालो; आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.