विलासला सांगितलेले शेवट

विलास गेला त्या सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे उठत नाहीत हो." मी म्हटलं, "तोंडावर पाणी मारा, ड्यूटी चुकवायला नाटकं करतोय." अन् स्वतःच हसलो. पलीकडून रडणं ऐकू आलं, तेव्हा कळलं. जयपुरातच मुरलीपुऱ्याहून दुर्गापुऱ्याला त्याच्या घरी पोचेपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो... दीड महिना झाला त्याला. मी चौथी नापास, लिहिता येते ती फक्त सही. मी बोलतोय, मुलगी लिहून घेतेय.

आम्ही दोघं बडनेऱ्याचे, रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर, बदलीनं जयपूरला आलो. पहिल्याच महिन्यात मी त्याला ओढून सिनेमाला नेलं. पडद्यावर बापानं कमरेचा पट्टा काढला अन् शेजारी विलासनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मला वाटलं, गंमत करतोय. "अबे, तो पट्टा इथवर नाही येत!" मी इतका मोठ्यानं बोललो की पुढची रांग हसली. बाहेर आल्यावर त्यानं मान वाकवून केसांतला व्रण दाखवला. पट्ट्याच्या बक्कलाचा होता, बापानं मारलेला.

तो पुन्हा थेटरात आला नाही. पण डबा खाताना म्हणायचा, "सांग न बे, काय पाहिलं?" मी नाचून, मरून, सगळं करून दाखवायचो. त्याचा प्रश्न एकच, "बापाचं काय झालं?" आता सिनेमात मार खाल्लेलं पोर एका गाण्यात मोठं होतं अन् बंदूक घेऊन येतं. विलास मोठा झाला, पण कोणी नुसता हात वर केला तरी दचकायचा. बापाला पोरानं मारलं असं सांगितलं की डबा तसाच बंद करायचा. बापानं रडून माफी मागितली म्हटलं की पोटभर जेवायचा. मग मी सगळ्याच बापांना माफी मागायला लावलं. मतलब, पडद्यावर गोळ्या खाऊन मेलेल्यांनाही. स्वतःला मोठा हुशार समजत होतो मी.

आई वारल्यावर विलासनं बापाला जयपूरला आणलं. मी भडकलो, "या माणसाला घरात घेतो तू?" तो शांतपणे म्हणाला, "एकदा तरी म्हणन बे तो, चुकलं म्हणून. तूच सांगतं ना, शेवटी सगळेच बाप म्हणतात." मी खोटं सांगत होतो हे तेव्हा बोलायला हवं होतं... नाही बोललो. जोक मारला काहीतरी. पुढं त्याचे बाबाजी सगळं विसरत गेले. पट्टा विसरले, पोरगाही विसरले. विलास मात्र दर रविवारी त्यांची दाढी करायचा, तोंडाजवळ कान नेऊन. आठ वर्षं. अन् ऐकायचं राहूनच तो गेला.

आता रविवारी मी जातो. गेल्या खेपेला बाबाजींची खुर्ची विलासच्या फोटोसमोर लावली. साबण लावला, हनुवटी वर केली. त्यांनी गळा पुढं केला, डोळे मिटून. सिनेमावाल्याला हे दाखवलं असतं तर त्यानं वस्तऱ्यावर कॅमेरा नेला असता. मी फक्त कानात म्हटलं, "बाबाजी, म्हणा, चुकलं."

"चुकलं," ते शाळेतल्या पोरासारखे म्हणाले. मग डोळे उघडले, समोर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय चुकलं?"

एवढे शेवट बनवले मी. आता वस्तरा उचलला, त्यांच्या गालाला लावला.

म्हटलं, "हलू नका, लागेल."