बेबीताईची मशीन

शिरपूर जैनला बसस्टँडच्या मागे भागवतभाऊंचं लॉज आहे. बारा खोल्या, वर मोकळी गच्ची, खाली जिन्याला लागून एक कोंदट खोली आणि त्या खोलीत कपडे धुवायची मशीन. या लॉजच्या चादरी एकोणीस वर्षांपासून बेबीताई धुतात. पहिली तेरा वर्षं मागच्या हौदावर हातानं धुतल्या. त्यात कंबर गेली, बोटांची नखं गेली. मग ही मोठी, समोरून गोल काचेचं दार असलेली मशीन आली. आली त्या दिवशी भागवतभाऊ म्हणाले, "आता तुमाले आराम झाला, बेबीताई." आराम असा झाला, की सोबतच्या दोघी बायांना घरी बसवलं आणि तिघींचं काम एकटीवर आलं.

मशीनसोबत एक जाडजूड पुस्तक आलं होतं, इंग्रजीत. ते भागवतभाऊंच्या कपाटात गेलं ते गेलंच. बेबीताईंना मशीन शिकवली ती मालेगावच्या रवीनं. हा मेकॅनिक पोरगा वर्षातून दोनदा यायचा, आणि काम करता करता बोलायची त्याला सवय होती. बेबीताई बाजूला उभ्या राहून ऐकत. कोणता आवाज पाणी घ्यायचा, कोणता सोडायचा, कधी दार आपोआप टक् करून सुटतं आणि कधी सुटत नाही, हे सगळं त्यांना पाठ झालं. भागवतभाऊंना मात्र अजून बटण कोणतं तेही सांगता आलं नसतं, पण मशीनबद्दल चारचौघांत बोलायचे तेच.

घरी बेबीताईंचे नवरे देवमन होते. मालेगावच्या बाजारात पोती वाहून वाहून त्यांचं अंग लोखंडाचं झालं होतं, असं लोक म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्या लोखंडाची उजवी बाजू लकव्यानं एका सकाळीत नेली. तेव्हापासून ते बाजेवर आहेत. बोलणं अर्धं कळतं, बाकीचं सगळं बाजेवरच. जुन्या धोतरांचे आणि लुगड्यांचे तुकडे फाडून बेबीताईंनी त्यांची फडकी केली. दिवसाला सात-आठ फडकी लागत. मुलगी धम्मदीपा लग्न होऊन जऊळक्याला, तिचं तिथं सासू-सासऱ्यांचं रगाडं. पंधरा दिवसांतून एकदा येऊन ती बापाचं डोकं धुऊन देते आणि संध्याकाळी परत जाते. उन्हाळ्यात नळाला दहा दिवसांनी पाणी. दिवसभर लॉजच्या चादरी काढून, वाळवून, घड्या घालून घरी जायचं आणि मग दीड बादली पाण्यात ती फडकी चोळत बसायचं, हे बेबीताईंनी दहा महिने केलं. अकराव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी ती फडकी घरीच एका पाण्यातून काढली, पिशवीत भरली आणि लॉजवर आणून मशीनमध्ये टाकली.

यात चोरी होती हे त्यांना कळत होतं. पाणी लॉजचं, साबण लॉजचा, लाइट लॉजची. पण पाहुण्यांच्या चादरींसोबत त्यांनी एक फडकंही कधी टाकलं नाही. फडकी वेगळी, खूप गरम पाण्यात, आणि ती निघाली की मशीन एकदा रिकामी फिरवायची. हा नेम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. तरी लॉजवर उतरणारे यात्रेकरू चादरीला नाक लावून पाहणारे. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली असती तर काय झालं असतं? आणि गावात जे बोललं गेलं असतं ते नुसतं घाणीबद्दल नसतं, कोणाच्या घरची फडकी कोणाच्या मशीनमध्ये पडली यावर असतं. बेबीताईंना गाव चांगलं ठाऊक होतं. त्यांची नोकरी एका दिवसात गेली असती, आणि दोघांचं पोट त्या नोकरीवर होतं.

मे महिन्यातला मंगळवार होता. देवमनचं पोट रात्रीपासून बिघडलेलं, त्यामुळे बेबीताईंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पिशवी रोजच्यापेक्षा जड होती. चारला एक वऱ्हाड उतरणार होतं, त्यांच्यासाठी चोवीस चादरी धुवायच्या होत्या. त्यांचा ढीग जिन्याखाली तसाच ठेवून बेबीताईंनी आधी फडकी लावली. तासाभराचं काम, मग चादरी, ऊन कडक, तीनपर्यंत सगळं वाळेल, असा हिशेब. साडेअकराला लाइट गेली. वीस मिनिटांनी आली तेव्हा मशीननं एकदा घुं केलं, पाटीवर कसलीशी अक्षरं दाखवली आणि गप्प झाली. आत अर्ध्या काचेपर्यंत पाणी. बेबीताईंनी दार ओढून पाहिलं. ते हललं नाही.

त्या खाली बसल्या. लगेच उठावं, काही करावं, असं त्यांना वाटलंच नाही. दोन मिनिटं त्या नुसत्या काचेकडे बघत राहिल्या. मग कमरेचा मोबाइल काढून त्यांनी रवीला फोन लावला.

"मावशी, मी मालेगावात दुसऱ्या कामावर हावो," रवी म्हणाला. "संध्याकाळशिवाय नाई येणं होत. पाणी गरम हाये काय?"

"साठावर लावली होती."

"मंग घाई नोका करू. पहिले प्लगच काढा बोर्डातून, नुसतं बटन बंद करून भागत नाई. हात कोरडे करा आन् मंगच काढा. काच गार होऊ द्या. मंग खालचं झाकण, नळी, थे सगळं तुमाले माईत हाये. शेवटी दोरी. ताकत नोका लावू फक्त."

फोन ठेवला आणि दारात भागवतभाऊ उभे. हातात जीपमधला लांब पेचकस.

"बंद पडली म्हणे?" ते म्हणाले. त्यांनी वाकून काचेतून पाहिलं. आत फेस होता आणि फेसात पांढरं कापड. लॉजच्या चादरीही पांढऱ्याच. "चोवीसच्या चोवीस अंदर अडकल्या काय? त्या वऱ्हाडाले काय आता सतरंजीवर झोपवू? सरा बाजूले, फटीत घालतो हा आन् काढतो दार. हातानं पिळून गच्चीवर टाका, वाळतीन घंटाभरात."

"नोका भाऊ," बेबीताई म्हणाल्या. "पाणी लय गरम हाये. दार सुटलं तं सारं तुमच्या पायावर येईन. आन् कडी तुटली तं मशीन बसलीच समजा."

भागवतभाऊंच्या पायात चप्पल होती, पाय उघडे. बेबीताईंनी त्या पायांकडे पाहिलं. खरं तर त्यांना गप्प बसता आलं असतं. यानं पेचकस घातला असता, कडी तुटली असती, आरडाओरडा झाला असता, कदाचित याला दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि त्या गोंधळात फडकी पिशवीत गेली असती. हा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण गरम पाणी माणसाच्या अंगावर पडू द्यायचं त्यांच्यानं होईना.

"मंग काय करू, संध्याकाळपर्यंत वाट पाहू त्या रवीची?"

"मी खोलते," बेबीताई म्हणाल्या. "अर्धा घंटा द्या. तुमी बसा वर, काउंटरवर."

"नाई, अठीच थांबतो," भागवतभाऊ म्हणाले, आणि उलट्या बादलीवर बसले. एकोणीस वर्षांत ते या खोलीत पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी थांबले नव्हते, आणि नेमकं आजच त्यांना थांबायचं होतं.

बेबीताईंनी पदराला हात कोरडे केले आणि प्लग काढला. मग काचेला उलटा हात लावला. चटका बसला. त्यांनी हात काढून घेतला आणि पायरीवर बसल्या. भागवतभाऊ वऱ्हाडाबद्दल बोलत होते, नवरीचा मामा किती किरकिरा आहे, आधीच्या लॉजवाल्याशी कसा भांडला. बेबीताई हूं हूं करत होत्या. पुढची प्रत्येक गोष्ट त्यांना नीट येत होती, आणि प्रत्येक गोष्ट केली की त्या स्वतःच्याच उघडं पडण्याच्या एक पाऊल जवळ जाणार होत्या. याचं त्यांना भय वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना झोप येत होती.

पाऊण तासानं काच कोमट झाली. बेबीताईंनी मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण नखानं उचकटलं, समोर पसरट परात सरकवली, आतली बोटभर जाडीची काळी नळी बाहेर ओढून तिचं बूच काढलं. पाणी परातीत आलं. परात भरली की बूच लावायचं, परात मोरीत ओतायची, परत ठेवायची. असं अकरा वेळा झालं. भागवतभाऊ एकदा म्हणाले, "थे मोठं गोल झाकण खोलून टाका ना एकदम." बेबीताई म्हणाल्या, "थे आताच खोललं तं खोलीभर पाणी होईन." अकराव्या परातीनंतर त्यांची कंबर सरळ होईना. भिंतीला धरून त्या थोड्या उभ्या राहिल्या, मग पुन्हा बसल्या.

नळीतून पाणी यायचं थांबलं तेव्हा त्यांनी ते गोल झाकण हळूहळू फिरवून बाहेर काढलं. त्याला जाळी असते, सगळा कचरा तिथं अडकतो. जाळीभोवती मूठभर पांढऱ्या दशांचा गुंता होता. फाडलेल्या कापडाच्या कडेनं सुटतात तशा दशा.

"हे कायचं?" भागवतभाऊंनी विचारलं. "आपल्या चादरी तं शिवलेल्या हायेत चारी बाजूनं."

बेबीताईंनी जाळी मोरीत धुतली, झाकण जागेवर घट्ट बसवलं, नळीचं बूच पाहिलं. मग त्याच कप्प्यात आत हात घालून त्यांनी नारंगी रंगाची दोरी चाचपली आणि सावकाश खाली ओढली. टक् असा आवाज आला. दार बोटभर पुढे आलं.

बेबीताईंनी ते स्वतःच पूर्ण उघडलं. दुसऱ्या कोणी उघडण्यापेक्षा ते बरं होतं. फेसाळलेला गोळा पुढे सरकला आणि दोन धडपी फरशीवर पडली. धोतराचे चौकोन, जांभळ्या लुगड्याचा विटलेला काठ, एक भोकं पडलेलं बनियन.

भागवतभाऊ बादलीवरून उठले. "ह्या चादरी नाईत."

"नाई."

"कोणाचं हाये हे?"

"आमच्या बुढ्याचं. बाजेवरचं."

"कवापासून करून राह्यल्या तुमी हे?"

"वर्षाच्या वर झालं." बेबीताईंचा आवाज नेहमीसारखाच होता. "चादरीसंगं कवाच टाकलं नाई, भाऊ. येगळं टाकते, आन् मांगून मशीन रिकामी फिरवते. आज रात्रभर त्याचं पोट चालू होतं म्हणून हे पहिले टाकलं. चादरी जिन्याखाली हायेत, धुवाच्याच हायेत."

भागवतभाऊंनी जिन्याखाली पाहिलं. चोवीस मळक्या चादरींचा ढीग तिथं खरंच होता. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी फरशीवरच्या धडप्यांकडे पाहिलं आणि ओरडायचं त्यांच्याकडून राहून गेलं. ते दुखावल्यासारखे म्हणाले, "तुमी मले इचारलं असतं, तं मी नाई म्हतलं असतं काय, बेबीताई?"

बेबीताईंनी मान वर केली.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हतलं असतं."

यात राग नव्हता. रागवायला अंगात काही उरावं लागतं. बाई खोटं बोलत नव्हती हे भागवतभाऊंनाही माहीत होतं. खोलीत मोरीतून पाणी जायचा आवाज येत होता.

"मंग आता इचारा," ते हळू म्हणाले.

बेबीताईंनी प्रयत्न केला. "भाऊ," एवढं म्हणून झालं आणि पुढचं येईना. दोघी बायांना घरी बसवलं तेव्हा त्यांनी काहून म्हणून विचारलं नव्हतं. देवमनला लकवा झाला तेव्हा चार दिवस सुट्टी घेतली आणि पाचवा मागितला नव्हता. मागायची जीभच त्यांना नव्हती, आणि आज ती कुठून आणायची?

"नाई इचारवत," त्या म्हणाल्या. "थकली मी, भाऊ. दोन वर्षं झाले, मले कोणी जेवली काय म्हणून नाई इचारलं. मी कोणाले काय इचारू?"

आणि त्यांना रडू आलं. ओल्या फरशीवर, मशीनला पाठ लावून त्या रडल्या, तोंडावर पदरही घेतला नाही. आपण मालकासमोर रडतो आहोत याची लाजसुद्धा त्यांना वाटली नाही.

तेवढ्यात भागवतभाऊंचा फोन वाजला. नवरीचा मामा होता. आवाज इतका मोठा, की बेबीताईंनाही ऐकू येत होता. "चादरी-गिदरी तयार ना? आमी चारले पोचतो."

"सहाले या," भागवतभाऊ म्हणाले.

"सहाले? काहून?"

"मशीन रिकामी नाई."

मामा अजून बोलत होता. भागवतभाऊंनी फोन खिशात घातला, खाली वाकून फरशीवरचं एक धडपं उचललं आणि परत मशीनमध्ये टाकलं. दोन बोटांच्या चिमटीत धरून उचललं, पण उचललं.