गाडीबरोबर माल मोजणारे पगारे साहेब

आदरणीय शमुवेल पगारे साहेबांची एकसष्टी आहे, म्हणून गौरवग्रंथ निघतोय आणि समितीच्या लोकांनी मलाही दोन पानं लिहायला सांगितली. माझी शाळा चौथीपर्यंतची. मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचा आमचा धंदा. समितीने दिलेल्या कागदावर 'साहेबांच्या व्यक्तिमत्त्वाचे पैलू' असं लिहिलंय. पैलू मला माहीत नाहीत. साहेब माहीत आहेत, तेच सांगते.

साहेब आमच्या नगरपालिकेत बांधकाम परवानगीच्या टेबलावर होते. नकाशे तपासायचे, जागेवर जाऊन मोजमाप घ्यायचं, हे त्यांचं काम. आमची पहिली ओळख भांडणातून झाली. बाजाररस्त्यावर आम्ही गोडाऊन बांधायला काढलं होतं. नकाशात एका बाजूला माल भरायच्या गाडीसाठी जागा सोडलेली होती. नियमच तसा आहे, दुकान-गोडाऊन बांधायचं तर गाडी आपल्या हद्दीत उभी राहिली पाहिजे. मला मात्र त्या जागेत मोबाईलच्या दुकानासाठी गाळा काढायचा होता. साहेब टेप घेऊन आले, खणलेला पाया बघितला आणि म्हणाले, "मंदाताई, हा खड्डा नकाशात नाही."

मी म्हटलं, "साहेब, जागा माझी हाय. गाडी रोडला उभी केली तर कुनाचं काय जातंय? समदा बाजार तसंच करतो."

"जागा तुमची आहे. रस्ता तुमचा नाही," साहेब म्हणाले आणि टेप गुंडाळून गेले.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत जाऊन त्यांच्या टेबलापुढे तोंड सोडलं. मोठ्यांच्या इमारती तुमाला दिसत न्हाईत, गरिबाचा गाळा बरा दिसतो, असं बरंच बोलले. साहेबांनी पुढची खुर्ची सरकवली. "बसा ताई. बसूनही ओरडता येतं."

मी बसले आणि माझा आवाज आपोआप निम्मा झाला. मग त्यांनी विचारलं, "नकाशा वाचता येतो का तुम्हाला?"

"न्हाई. इंजिनियर काढतो, आमी सही करतो."

साहेबांनी मला करंगळीचं नख नकाशावर ठेवायला सांगितलं. आधी पट्टीने ते नख मोजलं. आजवर कुणा साहेबाने माझं नख मोजलं नव्हतं. म्हणाले, "बरोबर एक सेंटिमीटर. नकाशावरचं एक नख म्हणजे जागेवरचा एक मीटर. आता तुमच्या दारापुढचा रस्ता मोजा." रस्ता सहा नखं भरला. आमची गाडी उभी राहिली की दोन गेली, समोर दुसऱ्याची राहिली की आणखी दोन. उरली दोन. आणि एसटीला अडीच लागतात.

"मग एसटी जाते कशी?" मी विचारलं.

"जात नाही. हॉर्न वाजवते," साहेब म्हणाले.

मी घरी येऊन खड्डा बुजवला. साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं असतं तर मी आणखी महिनाभर भांडले असते.

साहेबांचे दोषही लिहिते, नाहीतर हा लेख कुणी खरा मानणार नाही. ते फार सावकाश. एक सही करायला तीनदा चष्मा पुसतात. एक गोष्ट सांगायला बसले की अर्धा तास हलत नाहीत, आणि मला तर बसवतच नाही. फाईल चालू असेपर्यंत आमच्याकडचा चहा घेत नसत, स्वतःचा थर्मास आणत. ज्या दिवशी आमची फाईल बंद झाली, त्या दिवशी स्वतःहून दारात आले आणि म्हणाले, "आता चहा टाका. साखर कमी."

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

गोडाऊन झालं. लग्नसराई लागली. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गाडी चालवतात, त्यांनी गाडी त्या जागेत लावली, अगदी मापात बसली. मग मंडपाचे पाइप भरले. पाइप वीस फुटी. गाडी आत राहिली आणि पाइपांची टोकं मागून दोन हात रस्त्यावर आली. नियमात गाडी होती, गाडीतल्या मालाचं काही नव्हतं. मालकांनी टोकाला लाल फडकं बांधलं आणि आम्ही तसंच चालवलं. एका संध्याकाळी शाळेतले एक म्हातारे मास्तर स्कूटरवरून येत होते. त्यांच्या कपाळाला पाइप लागला, टाके पडले. तक्रार झाली, आणि व्हायलाच हवी होती. मुख्याधिकाऱ्यांची नोटीस आली, गोडाऊन बंद करा. लोकांच्या घरची कार्यं आमच्या मालावर अडून, आणि आमच्या दाराला कुलूप लागायची वेळ.

मी साहेबांपुढे जाऊन म्हटलं, "साहेब, तुमचा नकाशा रोडवर आलाय."

साहेब लगेच आले. बाहेर आलेल्या पाइपांना त्यांनी टेप लावला, आकडा वहीत लिहिला. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी गाडी मोजली, माल मोजला नाही."

आमचे मालक दिवसात दहा शब्द बोलतात. तेही बोलले, "साहेब, चूक आमचीबी हाय. पाइप तर आमचेच हायेत."

"पाइप तुमचे. तपासणी माझी."

हे त्यांनी तोंडाने म्हटलं आणि फाईलमध्येही लिहिलं. मंडपाचा धंदा आहे हे अर्जात स्पष्ट होतं, पाइपांची लांबी विचारायची राहिली ती आपल्याकडून, असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. त्या सुमारास त्यांची बढती व्हायची होती. ती लांबली, लेखी खुलासा द्यावा लागला, हे मला पुढे त्यांच्या शेजारच्या कारकुनाकडून कळलं. साहेबांनी 'अर्जदाराने जागेचा गैरवापर केला' एवढी एक ओळ लिहिली असती तर ते सुटले असते आणि माझं गोडाऊन गेलं असतं. चौथी शिकलेल्या बाईला कोण विचारणार होतं?

पण फाईलमधल्या त्या कबुलीमुळे आम्हाला सुधारणा करायला पंधरा दिवस मिळाले. गाडीच्या जागेमागची भिंत आमच्या गोडाऊनचीच. साहेब नकाशा पसरून म्हणाले, "ही भिंत पाडावी लागणार असं दिसतंय."

मी म्हटलं, "भिंत कशाला पाडता? भोक पाडा. गाडी उलटी लावू, म्हंजी पाइपांची टोकं भोकातून आत ऱ्हातील. भरायचं बी आतूनच."

साहेबांनी स्वतःच्या करंगळीचं नख नकाशावर ठेवून दोनदा मोजलं आणि हसले. "मंदाताई, हे मला सुचायला हवं होतं."

"तुमी कधी पाइप उचलला न्हाई साहेब. कसं सुचंल?"

त्यांनी सुधारित नकाशा करून घेतला. भोक पाडलं त्या रविवारी ते चर्चमधून सरळ आमच्याकडे आले, अंगावर पांढरा शर्ट, त्यावर लगेच सिमेंटची धूळ बसली. मालकांनी गाडी उलटी लावली. मी आतून एकेक पाइप सरकवला. साहेबांनी स्वतः रस्त्याकडचं फाटक लावून पाहिलं, उघडलं, परत लावलं. फाटकाबाहेर काही राहिलं नव्हतं.

एवढ्यावर त्यांनी मला सोडलं नाही. मास्तरांच्या घरी चला म्हणाले. मी म्हटलं, मास्तर लई बोलतील. "बोलू द्या, ऐकून घेऊ," साहेब म्हणाले आणि मला पुढे घालून घेऊन गेले. मास्तर बोलले नाहीत. कपाळाची पट्टी चाचपत म्हणाले, "बाई, तुमचं लाल फडकं मला दिसलं होतं. मला वाटलं काहीतरी वाळत घातलंय." तिघंही हसलो, पण मला त्या घरी जायला लावलं म्हणून मी साहेबांचे उपकार मानते. नाहीतर मास्तर समोरून आले की मी गल्ली बदलत राहिले असते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत साहेबांनी प्रत्येक अर्जदाराला आधी हेच विचारलं, माल काय भरणार, किती लांब आणि उतरवणार कोण? एक फरशीवाले चिडले, "साहेब, गाडीचं विचारा, मालाशी तुमाला काय करायचं?" साहेबांनी त्यांना सरळ माझ्याकडे पाठवलं. "मंडपवाल्या मंदाताईंकडे जा आणि माझी चूक बघून या." असे किती लोक आले आणि भिंतीतलं ते भोक बघून गेले. माणसं आपली चूक झाकतात. साहेबांनी तिचा पत्ता दिला.

आता साहेब निवृत्त आहेत. नकाशे तपासायला नवी माणसं आली, हुशार आहेत, संगणकावर भरभर काम करतात. त्यांनाही ते भोक बघायला मी बोलावलंय.

साहेब, डॉक्टरांनी तुम्हाला रोज सकाळी चालायला सांगितलंय आणि थंडी पडली की तुम्ही चुकवता, हे तुमच्या बाईसाहेबांनी मला सांगितलंय. देवाने तुम्हाला शंभर वर्षं द्यावीत, पायात बळ द्यावं, साखर ताब्यात ठेवावी. पण देवाने दिलं तरी चालायचं तुम्हालाच आहे. आमच्या दारापुढे पाइपाचं टोकसुद्धा तुमच्या वाटेत येणार नाही, ते मी बघते. सकाळी घरातून निघायचं तेवढं तुम्ही बघा.